पालवणकर बाळू

पालवणकर बाळू (१९ मार्च १८७६, धारवाड – ४ जुलै १९५५, मुंबई) हे भारतातील आद्य श्रेष्ठ क्रिकेटपटूंपैकी एक आणि दलित समाजातून क्रिकेटच्या सर्वोच्च स्तरावर पोहोचलेले पहिले नामांकित खेळाडू होते. इंग्रजी नोंदींत त्यांचा उल्लेख 'पी. बाळू' असा येतो. डावखुरे मंदगती फिरकी गोलंदाज म्हणून त्यांनी मुंबईच्या तिरंगी व चौरंगी स्पर्धांत हिंदू संघाला अनेक विजय मिळवून दिले आणि १९११ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या भारतीय संघाचे ते सर्वांत यशस्वी गोलंदाज ठरले. हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र त्यांना अधिकृतपणे कधीही मिळाले नाही. या प्रश्नावरून १९२० च्या हंगामात मोठा वाद झाला व एकाच स्पर्धेत संघाचे नेतृत्व वारंवार बदलले. भारतीय क्रिकेट आणि जातिव्यवस्था यांच्या इतिहासात हा प्रसंग महत्त्वाचा मानला जातो. निवृत्तीनंतर बाळू राजकारणात आले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी असून १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध निवडणूक लढवली होती.

प्रारंभिक जीवन

बाळूंचा जन्म चर्मकार समाजातील कुटुंबात धारवाड येथे झाला. पालवणकर हे आडनाव कोकणातील पालवण या मूळ गावावरून आले आहे. वडील लष्कराच्या सेवेत होते. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील अनेक कुटुंबांना लष्करी नोकरीमुळे गावगाड्याबाहेर पडण्याची, मुलांना थोडेफार शिक्षण देण्याची आणि रोख पगारावर जगण्याची संधी मिळत असे. पालवणकर कुटुंबही याच वाटेने पुण्याच्या लष्करी वस्तीत येऊन स्थिरावले.

बाळू, शिवराम, विठ्ठल व गणपत हे चौघे भाऊ पुढे हिंदू संघाकडून खेळले. बाळू व शिवराम यांनी लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर खेळाचे पहिले धडे गिरवले. औपचारिक शिक्षण फारसे झाले नव्हते आणि कुटुंबाला मिळकतीची गरज होती, त्यामुळे बाळूंना लहान वयातच काम पत्करावे लागले.

पुण्यातील वर्षे

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील पारशी खेळाडूंच्या एका क्रिकेट क्लबात होती. खेळपट्टी झाडणे व तिच्यावर रूळ फिरवणे हे त्यांचे काम असून त्यासाठी महिना ३ रुपये वेतन मिळे. १८९२ च्या सुमारास ते युरोपीय लोकांच्या पूना क्लबात महिना ४ रुपये वेतनावर रुजू झाले. तेथे खेळपट्टीची निगा राखणे, सरावाची जाळी उभारणे व टेनिसच्या मैदानावर रेषा आखणे ही कामे त्यांच्याकडे होती.

फावल्या वेळात क्लबच्या एका सभासदाने त्यांना सरावासाठी चेंडू टाकण्यास सांगितले आणि त्यांच्यातील गोलंदाज प्रथम सर्वांच्या नजरेस आला. त्यांची गोलंदाजी खेळण्याचा सर्वाधिक लाभ जॉन ग्लेनी ग्रेग यांनी घेतला. ग्रेग हे लष्करी अधिकारी, हॅम्पशायर कौंटीचे खेळाडू आणि हिंदुस्थानातील युरोपीय फलंदाजांत अग्रगण्य होते. ते इतरांच्या आधी मैदानावर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत आणि आपण बाद झालो की प्रत्येक वेळी त्यांना ८ आणे देत, अशी आख्यायिका आहे. शेकडो तासांच्या या सरावातून ग्रेग यांची फलंदाजी अधिक पक्की झाली आणि बाळूंच्या गोलंदाजीत अचूकता व विविधता आली.

पूना क्लबात बाळूंना फलंदाजीचा सराव मात्र मिळाला नाही. तत्कालीन समजुतीनुसार फलंदाजी ही प्रतिष्ठितांची कला होती. इंग्लंडमध्येही धनिक हौशी खेळाडू प्रामुख्याने फलंदाजी करीत आणि गोलंदाजीचे कष्ट पगारी व्यावसायिक खेळाडूंकडे असत. हिंदुस्थानात या वर्गभेदाला जातिभेदाची जोड मिळाली. चेंडू टाकणारा नोकर क्लबला हवा होता, परंतु त्याच्या हाती बॅट द्यावी असे कोणाला वाटले नाही.

हिंदू क्लबातील प्रवेश

त्याच सुमारास पुण्यातील हिंदू क्रिकेटपटू युरोपियनांना आव्हान देण्याची तयारी करीत होते. बाळूंसारखा गोलंदाज आपल्या बाजूने असावा असे काही सभासदांना वाटत होते, तर काहींचा अस्पृश्याबरोबर खेळण्यास विरोध होता. क्लबमधील तेलुगू भाषक सभासद प्रवेशाच्या बाजूने आणि पुण्यातील ब्राह्मण सभासद विरोधात होते. अशा गोलंदाजाला केवळ जातीमुळे दूर ठेवणे हिंदूंच्याच तोट्याचे ठरेल असे मत ग्रेग यांनी व्यक्त केले. अखेर बाळूंना संघात घेण्यात आले.

हा प्रवेश मैदानाच्या सीमारेषेपर्यंतच होता. मैदानावर सवर्ण खेळाडू बाळूंनी हाताळलेला चेंडू हातात घेत. खेळ थांबला की शिवाशिवीचे नियम पुन्हा लागू होत. चहापानाच्या वेळी इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपांतून चहा घेत, तर बाळूंना बाहेर उभे राहून मातीच्या भांड्यातून चहा दिला जाई व ते भांडे नंतर टाकून देण्यात येई. तोंड धुण्यासाठी पाणी हवे असल्यास ते अस्पृश्य समाजातील नोकराने आणून द्यावे लागे. जेवणाचे ताट व मेजही वेगळे असे.

बाळूंच्या समावेशानंतर पुण्याच्या हिंदू संघाने युरोपियनांच्या पूना क्लबावर विजय मिळवला. साताऱ्याच्या केवळ गोऱ्यांसाठी असलेल्या जिमखान्याविरुद्धचा सामनाही गाजला. फिरकीला साथ मिळू नये म्हणून यजमानांनी खेळपट्टीवर कित्येक दिवस रूळ फिरवून ती टणक केली होती, तरीही बाळूंनी ७ बळी घेतले. या यशानंतर पुण्यात त्यांचा जाहीर गौरव झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व लोकमान्य टिळक यांची नावे या गौरवाशी जोडली जातात. मैदानावर ज्याच्यासह खेळता येते त्याच्यासह पंक्तीला का बसू नये, हा प्रश्न यानंतर सुधारकांच्या चर्चेत येऊ लागला.

मुंबई आणि हिंदू जिमखाना

१८९६ च्या सुमारास बाळू मुंबईस आले. मुंबईत त्या काळी क्रिकेटची विभागणी धर्मानुसार झालेली होती. युरोपियनांचा बॉम्बे जिमखाना होता. पारशी खेळाडूंनी १८८६ व १८८८ मध्ये इंग्लंडचे दौरे केले होते आणि १८९२ पासून युरोपियन व पारशी यांच्यात प्रेसिडेन्सी सामने होत असत. हिंदूंचा परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना १८९४ मध्ये स्थापन झाला होता व त्याला आपला संघ या दोघांच्या तोडीचा करावयाचा होता.

येथेही बाळूंच्या सभासदत्वाला काहींनी आक्षेप घेतला. गुजराती सभासदांचा विरोध मोडून काढण्यासाठी संघाच्या तत्कालीन कर्णधारांना आपले वजन खर्च करावे लागले. पुढे बाळूंना रेल्वेत नोकरी मिळाली व रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळू लागले. धाकटे बंधू शिवराम हेही हिंदू जिमखान्याच्या संघात आले.

१९०६ चा विजय

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू व युरोपियन या संघांत सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या, युरोपियनांचा डाव १९१ धावांत संपला. दुसऱ्या डावात हिंदूंनी १६० धावा केल्या आणि युरोपियन संघ १०२ धावांत गारद झाला. हिंदू संघ १०९ धावांनी विजयी झाला. बाळूंनी सामन्यात ८ बळी घेतले, त्यांपैकी ५ दुसऱ्या डावातील होते. पुढच्या वर्षीही हिंदूंनी युरोपियनांना पराभूत केले.

बंगालच्या फाळणीमुळे देशात स्वदेशीची चळवळ पेटली होती. जपानने रशियावर मिळवलेला विजय ताजा होता. अशा वातावरणात राज्यकर्त्यांच्या संघाचा त्यांच्याच खेळात झालेला पराभव हा क्रीडावृत्तापुरता मर्यादित राहिला नाही. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या सुधारणावादी साप्ताहिकाने या विजयाचा वेगळा अर्थ लावला. पालवणकर बंधूंना संघात घेतल्यामुळेच हा विजय शक्य झाला, आणि पुण्यात त्यांच्यासह केवळ खेळले जात असताना मुंबईत त्यांच्यासह भोजनही केले जाऊ लागले, याकडे त्याने लक्ष वेधले. जातिभेद सैल करणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, असा त्याचा निष्कर्ष होता.

१९०७ पासून युरोपियन, पारशी व हिंदू यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुस्लिम संघ सामील झाल्यावर ती चौरंगी झाली. हिंदुस्थानी क्रिकेटमधील ही सर्वांत प्रतिष्ठेची स्पर्धा होती आणि बाळू हे दीड दशक हिंदू संघाच्या गोलंदाजीचा मुख्य आधार राहिले.

१९११ चा इंग्लंड दौरा

१९११ मध्ये सर्व धर्मांच्या खेळाडूंचा भारतीय संघ प्रथमच इंग्लंडला गेला. या संघात बाळू व शिवराम या दोघांची निवड झाली होती. पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग हे कर्णधार होते, परंतु दरबारी भेटीगाठींमुळे ते मोजकेच सामने खेळले. संघाची कामगिरी एकंदरीत निराशाजनक झाली. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांपैकी १० गमवावे लागले आणि लीस्टरशायर व सॉमरसेट यांच्याविरुद्धचे २ जिंकता आले.

बाळूंची कामगिरी मात्र लक्षणीय होती. दौऱ्यातील सर्व सामन्यांत मिळून त्यांनी ११४ बळी १८.८४ च्या सरासरीने घेतले. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांचे ७५ बळी होते. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी ही त्यांची प्रथम श्रेणीतील सर्वोत्तम कामगिरी ठरली. लीस्टरशायरविरुद्धच्या विजयात त्यांनी ११ बळी घेतले. सॉमरसेटविरुद्धचा विजय शिवराम यांच्या नाबाद शतकामुळे मिळाला. त्या वेळी बाळूंनी वयाची पस्तिशी गाठली होती. अनोळखी हवामानात व ओल्या खेळपट्ट्यांवर, वारंवार हरणाऱ्या संघाकडून त्यांनी ही कामगिरी केली. इंग्लंडचे डावखुरे फिरकी गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्याशी त्यांची तुलना केली जाऊ लागली. मुंबईस परतल्यावर त्यांचे सत्कार झाले व दलित समाजाला त्यांच्या रूपाने आपला पहिला सार्वजनिक नायक मिळाला.

खेळाची शैली

बाळू डाव्या हाताने संथ गतीने गोलंदाजी करीत. चेंडूला उंची देणे, टप्प्यात सूक्ष्म बदल करणे आणि चेंडू दोन्ही दिशांना वळवणे ही त्यांची बलस्थाने होती. दीर्घ काळ न थकता एकाच टप्प्यावर मारा करण्याची सवय त्यांना पूना क्लबातील सरावातून लागली होती. क्षेत्ररक्षणातही ते चपळ होते. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांनी १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी घेतले. एका डावात ५ किंवा अधिक बळी घेण्याची कामगिरी त्यांनी १७ वेळा केली. फलंदाजीत त्यांनी १३.६९ च्या सरासरीने ७५३ धावा जमवल्या. त्यांच्या तारुण्यातील पुण्याचे सामने प्रथम श्रेणीत गणले जात नाहीत, त्यामुळे ही आकडेवारी मुख्यतः वयाच्या तिशीनंतरची आहे.

कर्णधारपदाचा प्रश्न

तत्कालीन क्रिकेटमध्ये कर्णधारपद हे केवळ डावपेचांचे पद नव्हते. कर्णधार हा आपल्या जमातीचा प्रतिनिधी समजला जाई. नाणेफेकीला, राज्यपालांच्या स्वागताला, मेजवानीतील भाषणाला तोच पुढे असे. इतर खेळाडूंना त्याचा आदेश पाळावा लागे. अस्पृश्य मानलेल्या गोलंदाजाच्या हातून चेंडू घेणे आणि त्याचा आदेश स्वीकारणे यांत सवर्ण समाजाच्या दृष्टीने मोठे अंतर होते. पहिली गोष्ट विजयासाठी सोसली गेली, दुसरीसाठी मन तयार नव्हते.

१९१० नंतर जवळजवळ दरवर्षी बाळूंच्या समर्थकांकडून त्यांचे नाव कर्णधारपदासाठी सुचवले जाई आणि दरवर्षी ते मागे पडे. या काळात बहुतेक वेळा मुकुंद दामोदर पै हे हिंदू संघाचे कर्णधार होते. पै हे उत्तम फलंदाज होते व १९११ च्या दौऱ्यात बाळूंचे सहकारी होते. १९१३ मध्ये आपल्या सत्काराच्या वेळी पै यांनी हा मान खरे तर ज्येष्ठ व अनुभवी बाळूंना मिळायला हवा होता, असे जाहीरपणे मान्य केले. संघातील खेळाडू आणि जिमखान्याचे चालक यांच्या विचारांतील अंतर यावरून स्पष्ट होते.

१९२० चा हंगाम

१९२० च्या चौरंगी स्पर्धेपूर्वी हा प्रश्न विकोपाला गेला. महात्मा गांधी अस्पृश्यतेला हिंदू धर्मावरील कलंक म्हणू लागले होते. विठ्ठल हे हिंदू संघाचे प्रमुख फलंदाज म्हणून प्रस्थापित झाले होते व शिवराम हेही अनुभवी खेळाडू होते. निवड समितीने पै यांना कर्णधार नेमले आणि चाळिशी ओलांडलेल्या बाळूंना संघातून वगळले.

स्पर्धा सुरू होण्याच्या सुमारास पै आजारी पडले व नवा कर्णधार नेमणे भाग पडले. ज्येष्ठता व कामगिरी या निकषांवर शिवराम किंवा विठ्ठल यांची निवड अपेक्षित होती. समितीने पुण्याचे दिनकर बळवंत देवधर यांना कर्णधार केले. देवधर हे गुणवान फलंदाज होते व पुढे महाराष्ट्राच्या क्रिकेटचे ते आधारस्तंभ ठरले, परंतु त्या वेळी ते पालवणकर बंधूंना कनिष्ठ होते. वाद त्यांच्या योग्यतेपेक्षा निवडीच्या निकषाविषयी होता.

शिवराम व विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली व आपली भूमिका स्पष्ट करणारे निवेदन प्रसिद्ध केले. खेळाच्या क्षेत्रात खेळातील गुणवत्ताच निर्णायक असली पाहिजे, आपल्याला डावलण्यामागे जातीखेरीज अन्य कारण दिसत नाही आणि अशा स्थितीत खेळणे स्वाभिमानाला धरून होणार नाही, असा त्याचा आशय होता. मुंबईच्या वर्तमानपत्रांतून या विषयावर चर्चा झाली. राष्ट्रीय एकतेची भाषा करणाऱ्या शहरात हिंदू संघच जातीवरून फुटावा, ही बाब अनेकांना खटकली.

पहिला सामना देवधरांच्या नेतृत्वाखाली व पालवणकर बंधूंविना खेळला गेला. पारशी संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यापूर्वी तडजोड झाली. पै प्रकृती सुधारल्याने कर्णधार म्हणून परतले, शिवराम व विठ्ठल यांना पुन्हा संघात घेण्यात आले आणि वगळलेल्या बाळूंना उपकर्णधारपद देण्यात आले. सामन्यादरम्यान पै मैदानाबाहेर गेले असता संघाची सूत्रे काही काळ बाळूंनी सांभाळली. अशा रीतीने एकाच स्पर्धेत कर्णधारपद पै, देवधर व पुन्हा पै असे फिरले आणि अखेरीस काही काळापुरते का होईना बाळूंकडे आले. प्रदीर्घ कारकिर्दीत चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाचे नेतृत्व करण्याची त्यांना मिळालेली संधी एवढीच होती. याच हंगामाबरोबर त्यांची प्रथम श्रेणीतील कारकीर्द संपली.

१९२३ मध्ये विठ्ठल यांची हिंदू संघाच्या कर्णधारपदी नियुक्ती झाली व त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. त्यानंतरही काही वर्षे ते कर्णधार राहिले. थोरल्या भावाला नाकारला गेलेला मान धाकट्याला मिळण्यास १९२० मधील माघार बऱ्याच अंशी कारणीभूत झाली, असे मानले जाते.

राजकीय जीवन

निवृत्तीनंतर बाळू सार्वजनिक जीवनात सक्रिय झाले. तरुणपणी डॉ. आंबेडकर यांना बाळूंविषयी आदर होता व दलित समाजातील कर्तबगारीचे उदाहरण म्हणून ते त्यांच्याकडे पाहत. मुंबई महापालिकेत दलित प्रतिनिधी म्हणून बाळूंचे नाव पुढे आले तेव्हा आंबेडकरांनी त्यांचा पुरस्कार केला होता.

१९३० नंतर दोघांचे मार्ग वेगळे झाले. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळावेत अशी आंबेडकरांची मागणी होती. बाळू व मद्रासचे एम. सी. राजा यांनी संयुक्त मतदारसंघांचा पुरस्कार केला. ब्रिटिश सरकारने ऑगस्ट १९३२ मध्ये जातीय निवाडा जाहीर केल्यावर गांधीजींनी येरवडा तुरुंगात उपोषण आरंभले. त्यानंतरच्या वाटाघाटींत बाळूंचा सहभाग होता. २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेल्या पुणे करारावर स्वाक्षरी करणाऱ्यांत आंबेडकर, राजा व बाळू या तिघांचाही समावेश आहे. ज्या शहरात बाळूंनी महिना ३ रुपयांवर खेळपट्टी झाडली, त्याच शहरात त्यांनी या ऐतिहासिक करारावर सही केली.

१९३३ मध्ये हिंदू महासभेच्या वतीने त्यांनी महापालिकेची निवडणूक लढवली, पण ते पराभूत झाले. १९३५ मध्ये येवला येथे आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केल्यावर बाळूंनी तिला विरोध दर्शवला. १९३७ च्या मुंबई प्रांतिक विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईतील राखीव जागेवर आंबेडकरांविरुद्ध उमेदवारी दिली. आंबेडकरांना १३,२४५ व बाळूंना ११,२२५ मते मिळाली, म्हणजे निकाल २,०२० मतांनी बाळूंच्या विरोधात गेला. काँग्रेसच्या संघटनेचे पाठबळ या मतांमागे होतेच, परंतु क्रिकेटपटू म्हणून बाळूंना लाभलेल्या लोकप्रियतेचाही त्यांत वाटा होता.

हिंदू समाजात राहून, सहवास व कर्तृत्व यांच्या बळावर विषमता कमी करता येईल ही बाळूंची धारणा त्यांच्या क्रीडाजीवनाच्या अनुभवातून घडली असावी. पुण्यातील मातीच्या भांड्यापासून मुंबईतील सहभोजनापर्यंत आणि भावाच्या कर्णधारपदापर्यंतचा बदल त्यांनी एका आयुष्यात पाहिला होता. याच घटनांतून उलट निष्कर्षही निघतो. देशातील सर्वोत्तम गोलंदाजालाही कर्णधारपद मिळू शकले नाही, आणि मिळाले ते विनंतीने नव्हे तर बहिष्काराने मिळाले. आंबेडकरांचा मार्ग या दुसऱ्या निष्कर्षाच्या दिशेने जाणारा होता. दलित राजकारणाच्या अभ्यासात बाळूंच्या भूमिकेचे मूल्यमापन त्यामुळे आजही एकसारखे होत नाही.

निधन आणि वारसा

पालवणकर बाळू यांचे ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत निधन झाले. भारताला कसोटी दर्जा मिळून पहिला सामना १९३२ मध्ये खेळला गेला, तेव्हा त्यांच्या निवृत्तीला दशकाहून अधिक काळ लोटला होता. त्यामुळे कसोटी क्रिकेटच्या नोंदींत त्यांचे नाव आढळत नाही आणि पुढील पिढ्यांना त्यांची ओळख फारशी राहिली नाही.

विठ्ठल पालवणकर यांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले, ते १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. पालवणकर बंधूंच्या क्रिकेटविषयी माहिती देणारे ते महत्त्वाचे साधन आहे. इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्या २००२ मधील 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड' या ग्रंथाने बाळूंचे चरित्र विस्मृतीतून बाहेर काढले. या ग्रंथात भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासाच्या केंद्रस्थानी पालवणकर कुटुंब आहे. 'लगान' (२००१) या हिंदी चित्रपटातील कचरा या फिरकी गोलंदाजाच्या व्यक्तिरेखेशी त्यांचे साम्य अनेकदा दाखवले जाते. ती व्यक्तिरेखा योगायोगाने चेंडू वळवते. बाळूंची फिरकी मात्र पूना क्लबच्या मैदानावरील वर्षानुवर्षांच्या सरावातून घडली होती.

धर्मावर आधारलेल्या मुंबईच्या स्पर्धेला १९३७ मध्ये पंचरंगी स्वरूप आले व १९४६ मध्ये ती बंद झाली. तिच्या इतिहासात बाळूंचे स्थान दुहेरी आहे. हिंदू संघाला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या खेळाडूंत ते अग्रभागी होते आणि त्या प्रतिष्ठेत आपल्याला नेमका किती वाटा मिळणार, हा प्रश्नही त्यांच्या कारकिर्दीनेच पुढे आणला.